न घेतलेली फी

डॉक्टर अंगद गांगर्डे खाली बसलेले मिरजगावात कुणी पाहिले नव्हते. दवाखाना रिकामा असला तरी माणूस आपला उभाच. खिडकीशी जायचं, सोलापूर रस्त्यावरचे ट्रक बघायचे, परत यायचं, नीट लावलेली हत्यारं पुन्हा नीट लावायची, की पुन्हा खिडकी. चहा उभ्याने, फोन फेऱ्या मारत, आणि जेवणाचा डबासुद्धा हातात धरून. दवाखाना होता खताच्या दुकानाच्या माडीवर. दाताचे डॉक्टर आहेत का म्हणून कुणी विचारलं, तर खालचा दुकानदार नुसतं बोट वर करायचा. छतातून पावलं वाजत असली म्हणजे डॉक्टर आहेत.

दवाखाना झाडायचा, पेशंटची नावं लिहायची आणि वेळ पडली तर डॉक्टरांनाही दटावायचं, ही तिन्ही कामं बनुबाईकडे. ती म्हणायची, "डॉक्टर, तुमी बसत न्हाई म्हनून पेशंटबी खुर्चीत घाबरून बसतंय. त्याला वाटतं, ह्यो मानूस आता पळून जातोय."

आता दाताच्या डॉक्टरला एवढी कसली धास्ती, असं कुणालाही वाटेल. पण त्या धास्तीचं मूळ दातांत नव्हतं. या भागात बायका मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांवर फिरवत बसायचं. नाव दात घासायचं, काम तलफ भागवायचं. पुरुषांचं तर सांगायलाच नको, त्यांना पुड्या आहेत. त्यामुळे दाढ दुखते म्हणून उघडलेल्या तोंडात अधूनमधून दाढेपेक्षा भलतंच काही दिसायचं. गालाच्या आत पांढरा चट्टा, भरायचं नाव न घेणारी जखम, हाताला कडक लागणाऱ्या कडा. तसं दिसलं की डॉक्टर नगरची चिठ्ठी लिहायचे. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, पण चिठ्ठी जायची ती नगरलाच. कॅन्सरवर इलाज करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिथे होता आणि त्यांच्या हाताला यश होतं.

चिठ्ठी लिहिली की बाकीचे डॉक्टर मोकळे होतात. अंगद गांगर्ड्यांचं सगळं उलटं. त्यांच्या जिवाला तिथून घोर सुरू व्हायचा. माणूस जिना उतरला, आता बस धरेल की घरी जाईल? घरी गेला तर कुणाचा सल्ला घेईल? नगरला फोनवर ज्ञानेश्वरी नावाची मुलगी बसायची, तिला यांचा सारखा फोन. "आले का आमचे?" ती बिचारी आवाजावरून ओळखायची. पेशंट आला असेल तर "आले सर" म्हणायची, नाहीतर नुसती गप्प बसायची. ती गप्प बसली की इकडे फेऱ्या वाढायच्या.

एक गोष्ट मात्र डॉक्टर करत नसत. त्या रोगाचं नाव घेत नसत. दवाखाना नवा होता तेव्हा एका म्हाताऱ्याला त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं. म्हातारा नगरला गेला नाही, झाडपाला देणाऱ्या कुणाकडे तरी गेला आणि त्यातच संपला. तेव्हापासून डॉक्टर गोड बोलायला शिकले. "जरा मोठ्या मशीनवर दाखवून घेऊ." "घाबरायचं काही कारण नाही." कडू औषध गुळातून द्यावं, यात त्यांचं काय चुकलं? पण गूळ फार झाला की खाणाऱ्याला औषध सापडत नाही. हे त्यांना कळायला रंगुबाई यावी लागली.

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या गडबडीत होत्या. गाव सोडायच्या आधी लोक दुखणीखुपणी उरकून घेतात, कारण एकदा उसाच्या फडात उतरल्यावर तिथे कोण कुणाला विचारतंय. रंगुबाई आली ती दाढ काढून घ्यायला. उंच, उन्हाने रापलेली, आवाज खणखणीत. खुर्चीत बसल्या बसल्या तिने फर्मान सोडलं, "ही किडकी दाढ उपटून टाका. म्होरं सा म्हैने ठनकाय लागली तर फडात कुनाला दावू?"

डॉक्टरांनी दिवा ओढला, आरसा आत घातला आणि त्यांचा हात थांबला. दाढ किडली होतीच. पण दाढेच्या शेजारी, गालाच्या आत, मिश्रीचं बोट जिथे रोज टेकत असणार तिथेच, ती जखम होती. कडा कडक. त्यांनी जबड्याखाली चाचपलं, मान चाचपली. गाठ लागली नाही. तेवढंच हायसं वाटलं.

"मावशी, ही दाढ आज नको काढायला."

"नको? मी काय गप्पा मारायला आले व्हय?"

"इथं जरा जखम आहे. आत्ता त्या जागेला हात लावायचा नाही. आधी नगरला दाखवून या, मी चिठ्ठी देतो."

"कशाची जखम?"

डॉक्टर खिडकीशी गेले. खाली एक टँकर उगाच भोंगा वाजवत उभा होता. "असते अशी एखादी," ते टँकरकडे बघत म्हणाले. "घाबरायचं काही कारण नाही. पण जा मात्र नक्की."

रंगुबाई उठली. तिने कमरेची पिशवी काढली, तिची दोरी सोडली. डॉक्टरांनी घाईने हात आडवा केला. "राहू द्या हो. मी काय केलंय तुमचं? नगरला लागतील, असू द्या जवळ."

रंगुबाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग पिशवीची दोरी आवळली. "बरं," म्हणाली, आणि जिना उतरून गेली. आली होती त्याच्या निम्माही आवाज न करता गेली, हे बनुबाईच्या लक्षात आलं, डॉक्टरांच्या नाही. बनुबाई एवढंच म्हणाली, "अशानं दवाखाना चालतोय व्हय?"

मग नेहमीचा घोर सुरू झाला. ज्ञानेश्वरीला फोन केला, ती गप्प. पुन्हा केला, पुन्हा गप्प. आठवडा उलटला. रंगुबाईने दिलेला नंबर लागेना. डॉक्टरांना चैन पडेना. एका शिक्षकाच्या उजव्या दाढेऐवजी डावीला भूल द्यायला निघाले, तेव्हा बनुबाईनेच खाकरून त्यांना भानावर आणलं. शिक्षक गेल्यावर तिने विचारलं, "कुनाची वाट बघताय एवढी?"

"त्या रंगुबाईची. तुमच्या वाडीतलीच ना ती?"

"रंगुबाई? ती तर कारखान्याला गेली की! छगन मुकादमाच्या टोळीत, कोपरगावकडं. नवराबायको दोघंबी. ट्रक जाऊन लई दिस झालं."

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. पाठोपाठ राग आला. या लोकांना जिवाची किंमत नाही, सांगून समजत नाही, मरा मग, असं बरंच काही ते स्वतःशी बोलले. रागावणं सोपं असतं, म्हणून माणूस आधी ते करून घेतो. संध्याकाळपर्यंत राग उतरला आणि खाली जे होतं ते वर आलं. ती भीती होती. बनुबाईने कुठून तरी छगन मुकादमाचा नंबर आणला. छगनने फोन उचलला, "बाया फडात हायेत, फोनवर बोलायला इथं काय हाफिस हाय?" म्हणाला आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला कुलूप. दुकानदाराने वर कान लावला, पावलं वाजेनात, तेव्हा त्याने आलेले पेशंट परत पाठवले. डॉक्टरांची गाडी तोवर नगर ओलांडत होती. रंगुबाईने जिथे कधीच पोचायला हवं होतं तो दवाखाना डाव्या हाताला मागे पडला. राहुरी गेली, शिर्डीची गर्दी गेली. कोपरगावच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कोण कुठल्या फडात आहे ते विचारत, चिखलात गाडी रुतवत आणि काढत त्यांनी एकदाची टोळी गाठली.

बांधावर छगन मुकादम उभा होता. इस्त्रीचे कपडे घातलेला अनोळखी माणूस बघून त्याच्या कपाळावर आठी आली. माणसं फोडायला आलेला दुसऱ्या कारखान्याचा दलाल असणार, अशी त्याची खात्रीच झाली.

"कुठल्या कारखान्याचे तुमी?"

"कुठल्याच नाही. मी दातांचा डॉक्टर. मिरजगावहून आलोय."

"फडात दाताचा डॉक्टर?" छगनने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं हाय. न्हावीबी येतोय का मागनं?"

पण रंगुबाईचं नाव काढल्यावर त्याने हाताने दिशा दाखवली. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून, डोक्याला फडकं गुंडाळून ती ऊस तोडत होती. कोयता बुडख्यावर पडत होता आणि ऊस आडवा होत होता. मागे तिचा नवरा श्रीमंत मोळ्या बांधत होता. नाव श्रीमंत, आणि अंगावरच्या बनियनला भोकं किती, ते न बोललेलं बरं. डॉक्टरांना बघून रंगुबाई कोयता खाली घेऊन उभी राहिली.

"डॉक्टर? तुमी हितं कुनीकडं?"

"तुमच्याकडेच. मावशी, तुम्ही नगरला का गेला नाहीत?"

तिने मागे वळून पाहिलं. "आवं, डॉक्टरास्नी पानी घेऊन या," ती श्रीमंतला म्हणाली. तो कळशीकडे गेला तशी तिने आवाज खाली आणला. "त्यांच्या म्होरं कायबी बोलू नका. त्यांना मी सांगितल्यालं न्हाई."

"काय सांगितलं नाही?"

"हेच. माझं आटपलंय म्हनून."

"आटपलंय? कोण म्हणालं असं?"

"तुमीच की."

"मी?" डॉक्टरांचा आवाज चढला. "मी तर म्हणालो, घाबरायचं काही कारण नाही!"

"तेच तर." रंगुबाई शांत होती, इतकी शांत की डॉक्टरांना तिचा राग आला. "ऐका. मी दाढ काढायला आले, तुमी काढली न्हाई. म्हनलं, आता काढून तरी काय उपेग, असं आसंल. इचारलं कशाची जखम, तर तुमी भाईर गाड्या बघाया लागला. आमी रातच्याला सापाचं नाव घेत न्हाई, लांबडं म्हनतो. म्हनलं, तसलंच कायतरी हाय. तरीबी मन म्हनत हुतं, न्हाई, एवढं नसंल. मग मी पैसं काढलं आन् तुमी घेतलं न्हाईत. तवा समदं कळलं."

"अहो, फी नाही घेतली म्हणजे..."

"आमच्या सासऱ्याला दवाखान्यातनं घरी न्यायला सांगितलं, तवा त्या डॉक्टरनीबी शेवटाला पैसं घेतलं नव्हतं. भला मानूस हुता त्योबी. ज्याचं आटपलं त्याच्याकडनं कोन घेतं, डॉक्टर?" तिने कोयत्याला चिकटलेलं उसाचं पातं बोटाने काढलं. "मग म्हनलं, घरात पडून मरन्यापरीस ह्यांच्यासंगं फडात ऱ्हावं. मी नसले तर ह्यांना कोन इचारतंय?"

ते खरं होतं. तोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला टोळीत सगळ्यांत शेवटी जागा मिळते.

दाढ काढली नाही ती तिच्या भल्यासाठी. नाव घेतलं नाही ते तिने घाबरू नये म्हणून. पैसे घेतले नाहीत ते माणुसकी म्हणून. आणि या बाईने तिन्ही गोष्टी जुळवून स्वतःला पोचवून टाकलं होतं. नुसतं पोचवून थांबली नाही, तर कुणाला त्रास नको म्हणून कामाला लागली होती. डॉक्टरांना आपली लाज वाटली. त्यांनी तिला तिथेच एका मोळीवर बसवलं, तोंड उन्हाकडे करायला लावलं आणि आत पाहिलं. जखम होती तशीच होती. मान पुन्हा चाचपली. अजून काही लागत नव्हतं.

श्रीमंत पाण्याचा तांब्या घेऊन आला. रंगुबाईने डोळ्यांनी डॉक्टरांना गप्प राहा म्हणून खुणावलं. डॉक्टर गप्प राहिले नाहीत.

"मावशी, मला कॅन्सरची शंका आहे."

शेजारच्या दोन सऱ्यांतले कोयते थांबले. श्रीमंत तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला.

"पक्कं काय ते तुकडा तपासल्यावर कळेल. पण शंका दाट आहे, म्हणून तर दाढेला हात लावला नाही. आणि ऐका, अजून लहान आहे. मानेत उतरलेला नाही. आत्ता गेलात तर काढता येण्यासारखा आहे, माणसं बरी होतात यातून. हंगाम संपवून गेलात तर मग मी काही सांगू शकत नाही."

"खरं सांगताय, का परत ग्वाड बोलताय?"

डॉक्टरांनी एकदम हात पुढे केला. "माझी फी द्या."

"आं?"

"त्या दिवशीची फी. तपासलं होतं ना मी? मग फुकट का म्हणून? काढा."

रंगुबाई त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग सदऱ्याखाली हात घालून तिने ती पिशवी काढली, आतले पैसे त्यांच्या तळहातावर ठेवले. डॉक्टरांनी ते सगळ्यांसमोर मोजले.

"आणि आज पुन्हा तपासलं त्याचे? गाडीचं पेट्रोल?"

"पेट्रोलचं कशापायी?" रंगुबाई ताडकन उठली. दवाखान्यात आली होती तेव्हाचा तो खणखणीत आवाज पहिल्यांदा परत आला. "मी बोलवाया आल्ते व्हय तुमाला? आजचं तपासल्यालं अर्धं घ्या. पानी पाजलंय तुमाला आमी."

"अजून प्यायलो कुठे मी?"

"मग प्या की!"

जगायचं नसलेलं माणूस घासाघीस करत नाही. डॉक्टरांनी श्रीमंतच्या हातातून तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायले. श्रीमंत मोळीवर बसून डोळे पुसत होता. एवढे दिवस बायको आपल्यापासून काय लपवून ऊस तोडत होती, ते त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं. छगन मुकादम बांधावरून खाली आला आणि म्हणाला, "जावा दोघंबी. मागं तुमची जागा मी कुनाला देत न्हाई."

डॉक्टर म्हणाले, आत्ताच गाडीत बसा. रंगुबाई नको म्हणाली. असल्या मळक्या कपड्यांनी ती दवाखान्यात जाणार नव्हती. पाचटाच्या खोपटात, कोपीत, जाऊन आंघोळ करील, लुगडं बदलील आणि सकाळच्या पहिल्या गाडीने नवऱ्याबरोबर निघेल. "शबुद दिला," म्हणाली. डॉक्टरांना ते मुळीच पटलं नाही. पण बळेच गाडीत घातलेला माणूस दुसऱ्या दाराने उतरतो, एवढं तेही जाणून होते. ते एकटेच परतले.

दुसऱ्या दिवशी खताच्या दुकानाच्या छताला आराम नव्हता. डॉक्टर एका पेशंटच्या दाढेत कापूस कोंबत होते आणि दर बोळ्याला फोनकडे बघत होते. फोन वाजला तो ज्ञानेश्वरीचा.

"सर, तुमच्या रंगुबाई आल्या."

"आल्या!"

"आल्या, पण निघाल्यात. मी काही वावगं बोलले नाही, सर. सरकारी योजनेत बसतंय, तुम्हाला पैसे लागणार नाहीत, एवढंच सांगितलं. चांगलीच गोष्ट आहे ना? तर गाठोडं उचललं आणि दाराकडे चालल्या. 'हितंबी घेत न्हाईत' म्हणतायत. नवऱ्याने हात धरलाय, तो रडतोय."

"घ्या!" डॉक्टर ओरडले. खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून दचकला. "पैसे घ्या त्यांच्याकडून!"

"सर, योजनेत असं घेता येत नाही..."

"केसपेपरचे घ्या!"

"तुमची चिठ्ठी असली की तेही माफ असतात."

"माफ करू नका! अजिबात माफ करू नका. पावती फाडा, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागा. आधी त्यांना थांबवा, ज्ञानेश्वरी, पळा!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग लांबून चपलांचा, कुणाच्या तरी बोलण्याचा. डॉक्टर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत जात होते, फोन कानाला इतका दाबून की कान लाल झाला. बनुबाई केरसुणी हातात धरून उभी होती. नगरहून काहीच ऐकू येत नव्हतं. कुठेतरी एक खुर्ची सरकली.

"घेतले, सर," ज्ञानेश्वरीला धाप लागली होती. "पावती दोनदा वाचून दाखवायला लावली. आता बसल्यात. तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

"डॉक्टर," रंगुबाईचा आवाज आला.

"बोला मावशी."

"घेतलं ह्यांनी पैसं."

"घेणारच की."

तिच्या मागे कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं, तिचं नव्हतं.

"फडात मला कशाचंच भ्याव नव्हतं," ती म्हणाली. खणखणीत आवाज पार बारीक झाला होता. "म्हनलं, ठरल्यालं हाय. आता मातर लई भ्याव वाटाया लागलंय, डॉक्टर. हात कापाय लागल्यात."

डॉक्टरांच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मलाही वाटतंय, मावशी," ते म्हणाले. भिंतीशी पेशंटसाठी ठेवलेलं बाकडं होतं. डॉक्टर त्यावर बसले, पाठ टेकून, पाय सोडून. "फोन ठेवू नका. तुमचं नाव पुकारतील तोवर बसू आपण असेच."

खुर्चीतल्या पेशंटने कापसाच्या बोळ्यांआडून काहीतरी विचारलं. बनुबाईने त्याला हातानेच थांब म्हणून सांगितलं.